कागद त्याचा, आपण राखणदार

गेल्या अंकात मी माझ्या डब्लिनमधल्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगात, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती कोण कशी वापरतं यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, मी पाच वर्षं तक्रारींचं काम केलं आणि २०२४ च्या शेवटी पुण्याला परत आले. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न विचारणारी आणखी सात-आठ पत्रं माझ्यासमोर पडली आहेत.

प्रश्न : ताई, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षणाचे नियम आले, भारतीय डेटा संरक्षण मंडळ स्थापन झालं, हे वाचलं. मला असंच काम करायचंय. घरचे म्हणतात, जेएमएफसीची, म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी कर, हे असलं काही करिअर नसतं. तुम्ही तिथवर कशा पोचलात? मी कोणता कोर्स करू?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : आधी घरच्यांचं बघू. जेएमएफसीला आता तीन वर्षांची वकिली लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती अट परत आणली. त्यामुळे त्यांचं ऐकलंस काय नि माझं ऐकलंस काय, पुढची तीन वर्षं तुला काळा कोट घालायचाच आहे. तो कुठे घालायचा एवढंच ठरवायचंय. मी सांगेन, जिल्हा ग्राहक आयोगात.

माझे वडील सोलापूर जिल्ह्यात तलाठी होते. सज्जाचं बरंचसं दप्तर आमच्या घरातच, पुढच्या खोलीत असायचं. रात्री नवाला कुणी सातबारा मागायला आला तरी ते जेवणावरून उठायचे. आई चिडली की म्हणायचे, "कागद त्याचा आहे. आपण राखणदार." मी डब्लिनच्या आयोगात रुजू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात आम्हाला युरोपचा कायदा, जीडीपीआर, कलमवार शिकवला. पंधराव्या कलमाशी मी थांबले. ज्याच्याकडे आपल्याबद्दलची माहिती आहे त्याच्याकडून तिची प्रत मागायचा हक्क त्यात आहे, आणि एरवी ती एका महिन्यात द्यावी लागते. मला पुढची खोली आणि दप्तराची लाल फडकी दिसायला लागली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती बाळगणाऱ्याला 'डेटा फिड्युशिअरी' म्हटलंय, म्हणजे दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणारा. वडील हेच म्हणायचे. आणि याच कायद्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीसाठी, मग ती बाई असो की पुरुष, सगळीकडे 'ती' हेच सर्वनाम आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

माझी वाट सरळ नव्हती. एलएल.बी.नंतर सहा-सात वर्षं मी सोलापूरच्या ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, वकिली केली. न चालणारे फ्रिज, नाकारलेले विम्याचे दावे, ताबा न देणारे बिल्डर. २०१३ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे डब्लिनला गेलो. तिथे माझ्या सनदेचा उपयोग नव्हता. एका विमा कंपनीत आलेल्या तक्रारींच्या फायली लावायचं काम मिळालं, ते केलं. २०१९ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि सरकारी भरतीतून आयोगात एक्झिक्युटिव्ह ऑफिसर म्हणून घेतलं. मुलाखतीत कलमं विचारली नाहीत. समोरचा माणूस संतापलेला असताना त्याची नेमकी तक्रार काय आहे हे तुम्ही कसं शोधता, असं विचारलं. मी अक्कलकोटच्या एका आजींची फ्रिजची केस सांगितली. आजी तासभर जावयाबद्दल बोलत होत्या, आणि खरी तक्रार एवढीच होती की पावतीवर त्यांचं नाव नव्हतं.

पेपरात बातमी येते ती दंडाची. मेटाला मे २०२३ मध्ये १२० कोटी युरो, टिकटॉकला मे २०२५ मध्ये ५३ कोटी युरो, हे आकडे तू वाचले असशील. माझ्या टेबलावर रोज काय यायचं ते सांगते. आयोगाकडे सगळ्यात जास्त तक्रारी असतात त्या 'माझी माहिती मागितली, दिली नाही' या. आणि माहिती फुटल्याच्या ज्या वर्दी कंपन्या आणि कार्यालयं स्वतः देतात, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास म्हणजे कुणाचं तरी पत्र किंवा ईमेल भलत्याच माणसाला गेलेलं. हॅकर वगैरे फार पुढची गोष्ट.

एक तक्रार सांगते, ओळख पटेल असं काही न ठेवता. ऑफिसं झाडणारी एक बाई. चोरीचा आळ आला आणि काम गेलं. तिने नवव्या दिवशी त्या मजल्यावरचं सीसीटीव्हीचं चित्रण मागितलं. कंपनी म्हणाली, त्यात इतर लोक दिसतात, देता येत नाही. इतरांचे चेहरे पुसट करून देता येतं, हे मी कळवलं. मग उत्तर आलं की चित्रण तिसाव्या दिवशी आपोआप पुसलं जातं, आता ते उरलेलंच नाही. तिने मागितलं तेव्हा ते होतं! मी त्याच संध्याकाळी बसून कडक शब्दांत निर्णयाचा मसुदा लिहिला. वरिष्ठ बाईंनी तो परत पाठवला, समासात एक ओळ लिहून : मागणी आल्यावर पुसणं का थांबवलं नाही, हे तू कंपनीला विचारलंस का? मी विचारलंच नव्हतं. सोलापुरात समोरच्या वकिलाने असं केलं असतं तर नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे दुसऱ्या बाजूचं ऐकून घेण्याचा, मुद्दा मीच काढला असता. कंपनीला पत्र गेलं, मुदत दिली, उत्तर आलं, ते पोकळ होतं, निर्णय तिच्या बाजूने लागला. पण मधे तीन महिने गेले. ती फोनवर मला म्हणाली, तुम्हीसुद्धा त्यांच्यातल्याच. तिचा राग खरा होता. ते तीन महिनेही टाळता येण्यासारखे नव्हते, कारण ते पत्र न पाठवता दिलेला निर्णय अपिलात पडला असता आणि मग तिच्या हाती काहीच राहिलं नसतं. हे तिला समजेल अशा शब्दांत मला सांगता आलं नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

आता तुझ्याएवढ्याच एकाची गोष्ट. २०१३ मध्ये मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियाचा पंचविशीतला कायद्याचा विद्यार्थी. फेसबुक लोकांची माहिती अमेरिकेला पाठवतं आणि तिथल्या गुप्तचर यंत्रणा ती बघू शकतात, अशी तक्रार त्याने आयर्लंडच्या आयुक्तांकडे केली. तेव्हाच्या आयुक्तांनी चौकशीला नकार दिला. ज्या तरतुदीखाली नकार दिला तिचे शब्द होते 'क्षुल्लक किंवा त्रासदायक'. तो उच्च न्यायालयात गेला, तिथून प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोप-अमेरिका माहिती वाहतुकीचा सगळा करारच रद्द झाला. जुलै २०२० मध्ये त्याच्या जागी आणलेला दुसराही गेला. मेटाचा तो १२० कोटींचा दंड याच प्रश्नावर आहे, पहिल्या तक्रारीनंतर दहा वर्षांनी. मी रुजू झाले तेव्हा ही कथा आयोगात सगळ्यांना पाठ होती. रोजची टपाल उघडताना ती माझ्या डोक्यात असायचीच. तुझ्याही असू दे.

कोर्सचं म्हणशील तर प्रमाणपत्रं पुष्कळ आहेत, महागही आहेत, आणि ती नोकरी लागल्यावर कंपनीच्या खर्चाने करता येतात. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल वाच. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमत, साडेपाचशेच्या आसपास पानं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे त्यातून ठरलं. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांचा, न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचा, आणीबाणीतल्या १९७६ च्या प्रकरणातला निकाल त्यात चुकीचा ठरवला आहे. तो भाग दोनदा वाच. नागपूरचे न्या. शरद बोबडेही त्याच पीठावर होते आणि त्यांनी स्वतंत्र निकाल लिहिला. मग डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीचा जुलै २०१८ चा अहवाल घे, आणि तो २०२३ च्या कायद्याशेजारी ठेवून काय काय गळलं त्याची वही कर. ती वही मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

मंडळाचे सदस्य चारच, आणि तिथे माणूस कारकिर्दीच्या उत्तरार्धात पोचतो. तू थेट तिथे जाणार नाहीस. सेबी, रिझर्व्ह बँक, स्पर्धा आयोग इथे कायद्याच्या पदवीधरांची भरती होते, आणि नोटीस काढणं, म्हणणं ऐकणं, कारणं देऊन आदेश लिहिणं हे काम तिथे शिकायला मिळतं. मोठ्या कंपन्यांना, सरकारने तसं अधिसूचित केलं की, भारतात राहणारा डेटा संरक्षण अधिकारी नेमावाच लागणार आहे. त्याच्या हाताखालीही शिकता येईल. पण तीन वर्षं ग्राहक आयोगात आधी.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर. कायद्याची पदवी नाही. या क्षेत्रात माझ्यासारख्याला जागा आहे का, की वय गेलं?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमच्यासारख्यांवाचून आमचं अडायचं. कंपनी लिहून देते, 'ग्राहकाची माहिती पुसली आहे.' मी वकील, मी त्यावर विश्वास ठेवीन. बॅकअपमध्ये काय आहे, चाचणीसाठी काढलेल्या प्रतीत काय आहे, लॉगमध्ये फोन नंबर राहिलाय का, हे तुम्ही विचाराल.

फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला, तो कशावरून? कुकीजना, म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदींना, हो म्हणायला एक क्लिक पुरत होतं, नाही म्हणायला त्याहून जास्त लागत होते. कुणीतरी बसून क्लिक मोजले, पडद्याची चित्रं काढली, तारीखवेळ लिहिली. आपल्या कायद्यात मंडळाच्या सदस्यांसाठी जे अनुभव सांगितले आहेत त्यांत माहिती तंत्रज्ञान आहे. कायद्याचा जाणकार किमान एक असावा, एवढीच अट आहे. तुम्ही आजपासून एक करा. तुमच्याच कंपनीत कुठली वैयक्तिक माहिती कुठल्या टेबलमध्ये, कशासाठी, किती दिवस राहते याचा तक्ता अधिकृत परवानगी घेऊन बनवा. बहुतेक ठिकाणी तो कुणाकडेच नसतो.

प्रश्न : मॅडम, तुम्ही खासगीपणाचं कौतुक करता. आमच्याकडे याच कायद्याने माहितीचा अधिकार कापला. ग्रामसेवकाची हजेरी मागितली तरी 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारतात. असल्या नियामकाचा आम्हाला काय उपयोग?
— माहिती अधिकार कार्यकर्ता, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुमचा राग बरोबर आहे, आणि मी या बाबतीत कायद्याची बाजू घेणार नाही. महाराष्ट्रात २००२ चा माहिती अधिकाराचा कायदा झाला तो तुमच्याच जिल्ह्यातून उठलेल्या आंदोलनामुळे. २००५ च्या केंद्रीय कायद्यातलं कलम ८(१)(ञ), इंग्रजीतला 'जे', वैयक्तिक माहितीला संरक्षण देत होतं, पण अटीवर : सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल तर, आणि व्यापक जनहित नसेल तर. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. नव्या कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द ठेवले, आणि ते नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झालं. जुना तोल नीट होता. ही दुरुस्ती व्हायला नको होती.

तरी अर्ज टाकायचं थांबू नका. कलम ८(२) जागेवर आहे. जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. त्यामुळे जनहित काय आहे हे अपिलाची वाट न बघता पहिल्या अर्जातच दोन ओळींत लिहा : 'ग्रामसेवक गैरहजर असल्याने अमुक इतके दाखले अडले आहेत', असं. कलम ४ ही जागेवर आहे. अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आणि अनुदान योजना कशी राबवली त्याचे लाभार्थ्यांसह तपशील कार्यालयाने न मागता जाहीर करायचे आहेत.

खासगीपणा आणि माहितीचा अधिकार हे वैरी आहेत असं मी मानत नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही कायदे एकच आयुक्तालय बघतं. ग्रामसेवकाचा आजार खासगी, त्याची हजेरी गावाची. एवढा भेद करायला एक निर्भय माणूस खुर्चीत लागतो, आणि माझी खरी काळजी त्या खुर्चीची आहे. आपल्या मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य केंद्र सरकार नेमतं. त्यांची निवड सुचवणाऱ्या समितीवर मंत्रिमंडळ सचिव किंवा माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव प्रमुख असतात. मुदत दोन वर्षं, पुन्हा नेमणूक सरकारच्या हातात. देशात लोकांची सगळ्यात जास्त माहिती कुणाकडे आहे? सरकारकडेच. युरोपात मुदत चार वर्षांहून कमी ठेवता येत नाही. हंगेरीने आपल्या आयुक्तांची मुदत मधेच संपवली, तेव्हा एप्रिल २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने त्या देशाला दोषी ठरवलं. आयर्लंडच्या हेलन डिक्सन २०१४ ते २०२४ त्या खुर्चीत होत्या. त्या आल्या तेव्हा पोर्टार्लिंग्टन नावाच्या छोट्या गावात दुकानाशेजारी असलेलं तिशीच्या आतल्या माणसांचं कार्यालय होतं, गेल्या तेव्हा दोनशेच्या वर लोक होते. मंदपणाचा, कंपन्यांना सांभाळून घेण्याचा ठपका त्यांच्यावर पुष्कळ आला, काही ठपक्यांत तथ्यही होतं. पण एक तक्रार दहा वर्षं चालते, हे मघा लिहिलंच आहे. दोन वर्षांच्या सदस्याने ती कशी धरून ठेवायची? तुम्ही मंडळाविरुद्ध लिहिणार असाल तर यावर लिहा. मी सही करेन.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी नोंदवही अद्ययावत करायची म्हणून सर्वांच्या आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती घेतल्या आणि त्यांची एकच पीडीएफ करून १४० जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मी हरकत घेतली तर 'सर, आपलेच लोक आहेत' म्हणाले. तक्रार करावी, की ही बाब अगदीच क्षुल्लक आहे? दंड झाला तर मला काही मिळेल का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : सर, क्षुल्लक हा शब्द तुम्ही वापरलात आणि मी पत्र खाली ठेवून थोडा वेळ तशीच बसले. नाही, क्षुल्लक नाही. १४० फोनांमध्ये आता तुमची जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि दोन ओळख क्रमांक आहेत. त्यातला एखादा फोन दुरुस्तीला जाईल, एखादा चोरीला जाईल.

नियामक अशा वेळी काय बघतो ते सांगते. माहिती कशासाठी घेतली? नोंदवहीसाठी. त्यासाठी एवढी लागते का? पूर्ण आधार क्रमांक लागत नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं, ते पुरावं. कुणाला दिली? ज्यांना तिची गरज नव्हती त्यांना. किती दिवस राहील? कायमची. चार प्रश्न, चारही ठिकाणी सोसायटी चुकली आहे. व्यक्तीने घरगुती कामासाठी माहिती वापरली तर कायद्यात सूट आहे, पण सोसायटी ही संस्था आहे, ती सूट तिला लागू होत नाही.

वेळापत्रक मात्र लक्षात घ्या. नव्या कायद्याची मुख्य कर्तव्यं नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यानंतर आधी संस्थेकडेच तक्रार करायची, तिने जास्तीत जास्त ९० दिवसांत ती निकाली काढायची, आणि मग मंडळाकडे जायचं. दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो पैसा भारताच्या संचित निधीत जातो. तुम्हाला त्यातलं काही मिळणार नाही. भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३ए हा नवा कायदाच काढून टाकतो, आणि मला ते पटलेलं नाही. तोवर आधार कायदा आहे, आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला त्यात मनाई आहे. सोसायटीने दाद दिली नाही तर सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत.

आज एवढं करा. अध्यक्ष आणि सचिवांना पत्र द्या, आणि मराठीतच द्या. नव्या कायद्यात संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागणार आहे. मग आपण आपलं म्हणणं इंग्रजीत का मांडायचं? मजकूर असा चालेल :

'दिनांक अमुक रोजी माझ्या आधार व पॅन कार्डाची प्रत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रसिद्ध करण्यात आली. त्यास माझी संमती नव्हती. सदर पीडीएफ ग्रुपवरून काढावी, सर्व सभासदांना ती आपापल्या फोनमधून पुसण्याची लेखी विनंती करावी, सोसायटीकडील प्रत परत करून त्याऐवजी मास्क्ड आधार स्वीकारावे, आणि यापुढे सभासदांची कागदपत्रे कोणी व कुठे ठेवावीत याचा ठराव पुढील सभेत मांडावा. केलेली कार्यवाही पंधरा दिवसांत लेखी कळवावी.'

दोन प्रती काढा. एक सचिवांच्या हातात द्या, दुसरीवर त्यांची सही, तारीख आणि सोसायटीचा शिक्का घ्या. ते 'ठेवा सर, सही नंतर करतो' म्हणाले तर तिथेच बसा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.